दहा राग, तीन यंत्रे

'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही तबकडी एचएमव्हीने १९८२ साली बाजारात आणली. वादक होते चरणजित सिंग. मुंबईच्या चित्रपटसंगीतात ते बास गिटार आणि की-बोर्ड वाजवत. 'दम मारो दम'मधला ट्रान्झिकॉर्ड या वाद्याचा सूर त्यांचाच. रेडिओवर निवेदक चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार सांगे, वादक मात्र सहसा अनामिक राही. त्यामुळे कोरेगाव-साताऱ्याच्या घरांत त्यांचे सूर पोचले, नाव पोचले नाही.

मागच्या रांगेतल्या वादकाने स्वतंत्र अल्बम काढणे पाश्चात्त्य रॉकमध्ये नवे नव्हते. 'द हू' या बँडच्या सदस्यांपैकी पहिला स्वतंत्र अल्बम १९७१ मध्ये बासवादक जॉन एंटविसलने काढला होता. त्याच्यामागे बँडचे नाव तरी होते. चित्रपटातल्या वादकाच्या पाठीशी तसे काही नसे.

काळ डिस्कोचा होता. 'कुर्बानी' १९८० मध्ये आला, 'डिस्को डान्सर' १९८२ मध्ये. सिंग यांच्याकडे रोलँड कंपनीची तीन नवी यंत्रे होती : तालासाठी टीआर-८०८, खर्जातल्या सुरावटीसाठी टीबी-३०३ आणि मुख्य स्वरांसाठी ज्युपिटर-८. पहिली दोन जोडली की एकाच लयीत चालत. त्यामुळे ताल आणि खर्ज यंत्रांवर सोपवून वादकाला हातांनी राग मांडता येई.

तबकडीत भैरव, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी हे दहा राग आहेत. टीबी-३०३ मुळात साथीला बासवादक नसलेल्या गिटारवादकांसाठी बनवले होते. सोळा घरांत स्वर भरले की तीच ओळ फिरत राहते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही त्यात आहे. पुन्हा पुन्हा येणारी ही ओळ तंबोऱ्यासारखा आधार देते आणि घसरण मिंडेच्या जवळ जाते. भूपाळी, मालकंस यांसारख्या पाच स्वरांच्या रागांना ही मांडणी विशेष मानवते.

मर्यादाही स्पष्ट आहेत. की-बोर्डवरचे स्वर ठरलेले. भैरवातल्या कोमल ऋषभाचे आंदोलन किंवा तोडीचा अतिकोमल गंधार त्यावर पुरता उतरत नाही. सलग स्वर देता येत नाहीत, ही तक्रार हार्मोनियमबद्दलही होती आणि आकाशवाणीने १९४० मध्ये त्या वाद्यावर बंदी घातली होती. शिवाय डिस्कोच्या ठोक्यात आलापाला जागा उरत नाही. शास्त्रीय श्रोत्याला ही तबकडी फार यांत्रिक होती आणि नाचणाऱ्याला हवी असलेली गाणी तिच्यात नव्हती. ती फारशी खपली नाही.

पुढे शिकागोत 'फ्यूचर' या चमूने टीबी-३०३ वापरून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना १९८७ मध्ये प्रसिद्ध केली आणि 'अ‍ॅसिड हाऊस' हा प्रकार रूढ झाला. सिंग यांच्या तबकडीतला नाद त्या रचनेशी विलक्षण जुळतो. डच संग्राहक एडो बाउमन यांना २००२ मध्ये दिल्लीत या तबकडीची प्रत मिळाली. २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन'ने ती पुन्हा काढली. सिंग अ‍ॅसिड हाऊसचे जनक, असे म्हटले जाऊ लागले. तसे म्हणणे योग्य नाही, कारण शिकागोच्या वादकांनी ही तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. एकच यंत्र दोन ठिकाणी त्याच्या मूळ हेतूपलीकडे वापरले गेले, एवढे नक्की. सिंग यांचे वेगळेपण यंत्राला रागाची शिस्त लावण्यात आहे.

पुनर्प्रकाशनानंतर त्यांनी युरोपात मंचावर हे राग वाजवले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.