पीडीएफ फाइलींचे एकत्रीकरण

पीडीएफ फाइलींचे एकत्रीकरण म्हणजे दोन किंवा अधिक पीडीएफ फाइलींमधील पाने ठरावीक क्रमाने एकाच नव्या फाइलमध्ये आणण्याची प्रक्रिया होय. अर्जासोबतची कागदपत्रे, प्रबंधाची प्रकरणे किंवा स्कॅन केलेली पाने एकत्र सादर करण्यासाठी तिचा उपयोग होतो. या प्रक्रियेत पानांवरील मजकूर व चित्रे सहसा जशीच्या तशी राहतात. मात्र डिजिटल स्वाक्षरी, अर्जातील भरावयाच्या चौकटी, बुकमार्क यांसारखी संपूर्ण दस्तऐवजाशी निगडित वैशिष्ट्ये बदलण्याची किंवा नष्ट होण्याची शक्यता असते.

फाइलची रचना

पीडीएफ हे स्वरूप ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. २००८ मध्ये त्याला आयएसओ ३२०००-१ या आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. पारंपरिक रचनेत पीडीएफ फाइलचे चार भाग असतात: शीर्ष, मुख्य भाग, संदर्भ तक्ता आणि ट्रेलर. मुख्य भागातील प्रत्येक पान, फॉन्ट व चित्र हे स्वतंत्र क्रमांक असलेले ऑब्जेक्ट असते. प्रत्येक ऑब्जेक्ट फाइलच्या आरंभापासून किती बाइट अंतरावर आहे, याची नोंद संदर्भ तक्त्यात असते. पीडीएफ वाचणारी प्रणाली फाइलच्या शेवटाकडून सुरुवात करून प्रथम हा तक्ता शोधते.

या रचनेमुळे साध्या मजकुराच्या फाइलींप्रमाणे दोन पीडीएफ फाइली एकामागे एक चिकटवून जोडता येत नाहीत. तसे केल्यास तक्त्यातील अंतरे चुकतात आणि बहुधा शेवटच्या फाइलचीच पाने दिसतात किंवा फाइल खराब असल्याचा संदेश येतो. म्हणून एकत्रीकरण करणारी प्रणाली सर्व फाइलींतील ऑब्जेक्टांना नवे क्रमांक देते, पानांची एकच सूची तयार करते आणि नवा संदर्भ तक्ता लिहिते.

साधने

ॲडोबी ॲक्रोबॅट या व्यावसायिक प्रणालीत एकत्रीकरणाची सोय आहे. मॅकओएसमधील प्रीव्ह्यू या प्रणालीत पानांची लघुचित्रे एका फाइलमधून दुसऱ्या फाइलमध्ये ओढून नेता येतात. पीडीएफसॅम बेसिक हे चित्रमय पटल असलेले मुक्त सॉफ्टवेअर आहे. आज्ञा टंकून वापरावयाच्या साधनांत पीडीएफटीके, क्यूपीडीएफ आणि पॉपलर संचातील पीडीएफयुनाइट ही प्रमुख आहेत.

घोस्टस्क्रिप्टची पद्धत वेगळी आहे. ते प्रत्येक पानाचा अर्थ लावून संपूर्ण फाइल नव्याने लिहिते. त्यामुळे आकार कमी होऊ शकतो, परंतु चित्रांचा दर्जा किंवा परस्परसंवादी भाग बदलण्याचा संभव असतो. लाटेक्समधील पीडीएफपेजेस या पॅकेजद्वारे पाने समाविष्ट केल्यास त्यांतील दुवे टिकत नाहीत.

एकाच बाजूचे स्कॅन करणाऱ्या यंत्रावर पाठपोट कागद स्कॅन केल्यास विषम व सम पानांच्या दोन फाइली तयार होतात. अशी पाने आलटून पालटून गुंफण्याची सोय पीडीएफटीके, क्यूपीडीएफ व पीडीएफसॅममध्ये उपलब्ध आहे.

मर्यादा

डिजिटल स्वाक्षरी: पीडीएफमधील डिजिटल स्वाक्षरी फाइलमधील विशिष्ट बाइटांवर आधारलेली असते. एकत्रीकरणात ते बाइट नव्याने लिहिले जात असल्याने स्वाक्षरीची पडताळणी होऊ शकत नाही. स्वाक्षरीची चौकट पानावर दिसत राहिली, तरी ती केवळ चित्रासारखी उरते. भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये डिजिटल स्वाक्षरीला कायदेशीर मान्यता आहे. महाराष्ट्रात मिळणारा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा किंवा ई-आधार अशा फाइली इतर कागदपत्रांत मिसळल्यास नव्या फाइलवरून त्यांची डिजिटल स्वाक्षरी तपासता येत नाही. त्यामुळे मूळ फाइली स्वतंत्रपणे जतन करणे आवश्यक ठरते.

संकेतशब्द: ई-आधारप्रमाणे संकेतशब्दाने संरक्षित असलेली फाइल उघडल्याशिवाय जोडता येत नाही. जोडल्यानंतर तयार होणाऱ्या फाइलला ते संरक्षण आपोआप मिळतेच असे नाही.

अर्जातील चौकटी: दोन अर्जांत एकाच नावाच्या चौकटी असल्यास त्या एकच समजल्या जाऊ शकतात. परिणामी एका अर्जात भरलेली माहिती दुसऱ्यातही उमटते. काही साधने चौकटींची नावे बदलून हा दोष टाळतात.

फॉन्ट व शोध: प्रत्येक फाइल स्वतःचे फॉन्ट सोबत आणत असल्याने एकच फॉन्ट अनेकदा साठवला जाऊन फाइलचा आकार वाढू शकतो. एकत्रीकरणाने अक्षरांची संकेतप्रणाली बदलत नाही. युनिकोडपूर्व देवनागरी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर युनिकोड मजकुरासोबत जोडल्यास एकच शब्द काही पानांवर सापडतो आणि काही पानांवर, डोळ्यांना दिसत असूनही, सापडत नाही.

गोपनीयता: संकेतस्थळावरून फाइली जोडताना त्या सहसा सेवा देणाऱ्याच्या सर्व्हरवर पाठवल्या जातात. ओळखपत्रे, वैद्यकीय अहवाल किंवा बँकेची कागदपत्रे यांसाठी स्वतःच्या संगणकावर चालणारी साधने अधिक सुरक्षित असतात.

पर्याय

स्वाक्षरी असलेले दस्तऐवज एकत्र पाठवावयाचे असल्यास ते मुख्य पीडीएफला जोडपत्र म्हणून अंतर्भूत करता येतात. पीडीएफ पोर्टफोलिओ या प्रकारातही मूळ फाइली बदल न होता एका आवरणात राहतात आणि प्रत्येकीची स्वाक्षरी स्वतंत्रपणे तपासता येते. संपूर्ण संचावर एकच स्वाक्षरी हवी असल्यास आधी एकत्रीकरण आणि त्यानंतर स्वाक्षरी असा क्रम पाळला जातो.