लढाई लांब, तार दारात

मुचकुंदी नदी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या टेकडीवर पूर्णगडचा आटोपशीर किल्ला उभा आहे. महाराजांच्या दुर्गमालिकेतला हा शेवटचा, त्याच्याने मालिका पूर्ण झाली म्हणून पूर्णगड, असे आमच्याकडची जुनी माणसे सांगतात. विसाव्या शतकात या किल्ल्यासमोर कुठले आरमार आले नाही की खाडीत शत्रूची नौका शिरली नाही. त्या शतकातल्या मोठ्या लढाया फ्रान्समध्ये, इराकात, ब्रह्मदेशात, अटलांटिक महासागरात झाल्या. तरीही कोकणातल्या गावागावांत त्या पोहोचल्या. त्या आल्या पोस्टमनच्या पिशवीतून. कधी मनिऑर्डर होऊन, कधी तार होऊन.

हे असे का झाले, हे समजून घ्यायचे तर आधी कोकणच्या पोटाचा विचार करायला हवा. डोंगरउताराची जमीन, तुकड्या-तुकड्यांची शेती, पावसावरचे भाताचे एकच पीक. खाडीत मासळी, पण पावसाळ्यात होड्या ओढून ठेवाव्या लागत. घरातला एक तरी पुरुष बाहेर गेल्याशिवाय चूल वर्षभर पेटत नसे. बाहेर जायच्या वाटा तीन. पहिली पलटणीची, दुसरी मुंबईच्या गिरणीची आणि तिसरी बोटीची. १९११ साली मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. तेव्हा आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता. या तिन्ही वाटा जगाच्या बाजाराला जोडलेल्या. त्यामुळे जगात कुठे ठिणगी पडली, की तिची धग इथे लागायची.

पहिले महायुद्ध १९१४ साली सुरू झाले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेल्या. तिथे कूत या गावी आपली फौज १४७ दिवस वेढ्यात सापडली. माणसांनी घोडे-खेचरे मारून खाल्ली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. त्या युद्धात हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक कामी आले. युद्ध संपता संपता, जून १९१८ मध्ये, मुंबई बंदरात बोटींबरोबर इन्फ्लुएन्झाची साथ उतरली. हिंदुस्थानात या तापाने एक कोटीच्या वर माणसे नेली. गिरणगावातून जीव वाचवायला गावी पळालेल्या माणसांबरोबर साथही गावात जायची. तोफेने मेले त्यांच्या कितीतरी पट माणसे लढाईच्या मागून आलेल्या तापाने मेली.

पलटणीतल्या माणसाची निदान नोंद असते. त्याच्या नावाचा दगड असतो, विधवेला पेन्शन असते. आमच्या किनाऱ्यावर ज्यांची आठवण कमी निघते ते बोटीवरचे लोक. दालदी, खारवी, भंडारी, गाबीत ही समुद्राच्या अंगाखांद्यावर वाढलेली माणसे. मुंबईला जायचे, गावकीच्या किंवा जमातीच्या खोलीत पथारी टाकायची, सारंगाच्या मागे फिरायचे आणि विलायती कंपनीच्या बोटीवर चढायचे. सारंग, टंडेल, सुकाणी, खलाशी, आगवाला अशी तिथली उतरंड. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून कोळसा मारणारा. नोकरीची नोंद असलेल्या कागदाला खलाशी 'नळी' म्हणत. नळी हरवली की माणूसच हरवल्यासारखे. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी बोटींवरच्या खलाशांत साधारण चौथा माणूस हिंदुस्थानी होता, आणि त्याचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झाले तेव्हा या माणसांनी एक गोष्ट केली, ती शाळेच्या पुस्तकात येत नाही. पाणबुड्यांच्या समुद्रात जायचे, तर पगार वाढवा, असे म्हणून त्यांनी लंडनसह अनेक बंदरांत बोटी सोडल्या. शेकडो खलाशी तुरुंगात गेले. पण कंपन्यांना पगार वाढवावा लागला. ज्यांना इंग्रजी धड येत नव्हते त्यांनी आपल्या जिवाचे मोल काय ते इंग्रजांना सांगितले, ते असे.

तरी मोल फार पडले. पाणसुरुंगाने बोट फुटली, की सगळ्यांत आधी जात ते खाली, इंजिनाच्या पोटात असलेले आगवाले. वर यायला लोखंडी शिडी एकच. आणि युद्ध काही अटलांटिकातच राहिले नाही. २३ नोव्हेंबर १९४२ रोजी मुंबईहून आफ्रिकेला निघालेली 'तिलावा' ही बोट जपानी पाणबुडीने आपल्याच अरबी समुद्रात बुडवली. बोटीवर ९५८ माणसे होती, त्यांतली २८० गेली.

आता या मरणाचा घरच्या बाजूने विचार करा. तारेत 'मेला' असा शब्द नसे, 'बेपत्ता' असे. बेपत्ता माणसाचे काय करायचे? बाईने बांगड्या उतरवायच्या की नाही? इद्दत केव्हापासून धरायची? आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई पंथाचे. या पंथात मय्यत समोर नसतानाही जनाज्याची नमाज पढता येते, तिला गायबाना नमाज म्हणतात. ज्या किनाऱ्यावरची माणसे दूरच्या समुद्रात मरतात, त्या किनाऱ्याला ही केवढी मोठी सवलत! पण नमाज पढायची म्हणजे माणूस गेला हे आधी कबूल करायचे. आणि समुद्रावर गेलेला माणूस वर्षानेसुद्धा परत येतो, हेही सगळ्यांनी पाहिलेले. मग दरवाजा उघडा ठेवायचा.

योगायोग असा, की युद्ध सुरू झाले त्याच १९३९ साली मुस्लिम विवाह विच्छेदनाचा कायदा आला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा लागला नाही तर बाईला न्यायालयातून मोकळे होता येईल, असे त्यात म्हटले. त्यापूर्वी असा हक्क मिळणे आपल्याकडे महाकठीण होते. माणूस मेला असे धरायला पुराव्याच्या कायद्याने सात वर्षे लागत. चार वर्षे आणि सात वर्षे असे हे हिशेब कागदावर सोपे. खेड्यातली, निरक्षर बाई रत्नागिरीच्या कोर्टाची पायरी कशी चढणार? बहुतेकींनी हिशेब केलाच नाही. त्यांनी भात लावले, जाळी विणली, मुले वाढवली आणि वाट पाहिली.

लढाईची दुसरी झळ ताटात लागली. कोकणाला स्वतःचा तांदूळ पुरत नसे. रंगूनचा तांदूळ यायचा. हिंदुस्थान युद्धापूर्वी ब्रह्मदेशातून वर्षाला सुमारे १५ लाख टन तांदूळ घेत असे. मार्च १९४२ मध्ये रंगून जपान्यांच्या हाती पडले आणि तो तांदूळ थांबला. आमच्या जिल्ह्याचे ब्रह्मदेशाशी नाते जुनेच. तिथला पराभूत राजा थिबा इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवला आणि तो १९१६ साली इथेच वारला. त्याचा राजवाडा आजही आहे. एका लढाईने ब्रह्मदेशाचा राजा आमच्याकडे आणला आणि दुसरीने ब्रह्मदेशाचा भात आमच्या ताटातून नेला! २ मे १९४३ पासून मुंबईत रेशनिंग सुरू झाले. गावात नाचणी, वरी, कुळीथ यांवर निभावायचे. मनिऑर्डर पूर्वीइतकीच किंवा थोडी जास्त, पण तिला बाजारात येणारे धान्य कमी. लढाईतली महागाई म्हणजे काय, ते यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ही बोट फुटली. तिच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे १४०० टन स्फोटके शेजारी-शेजारी भरली होती. शेकडो माणसे गेली, गोदीलगतच्या वस्त्या जळाल्या. मग १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नौसैनिकांनी मुंबईत बंड केले. त्याची सुरुवात निकस जेवणाच्या तक्रारीतून झाली. पोटाचा प्रश्न आणि स्वातंत्र्याचा प्रश्न एकाच ताटात वाढलेला असतो, हे त्या मुलांनी दाखवले.

स्वातंत्र्यानंतरच्या लढायांचे अर्थकारण आणखी वेगळे. १९६२ आणि १९६५ अशा दोन लढाया झाल्या, त्यांच्या मागोमाग दुष्काळ पडला आणि ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. याचा कोकणाशी काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध असा, की तोवर दुबई, कतार या आखाती मुलखांत आपलाच रुपया चालत होता. रिझर्व्ह बँकेने १९५९ पासून त्यांच्यासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. अवमूल्यनानंतर त्यांनी रुपया सोडला. पुढे ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, तेलाचा भाव काही महिन्यांत चौपट झाला आणि आखातात पैशांचा पूर आला. ज्या मुलखात आमचा रुपया चालत होता, तिथला दिनार, दिऱ्हम आता आमच्या पोस्टात आणि बँकेत येऊ लागला.

ही वाट अगदी वेळेवर उघडली, कारण जुन्या वाटा बुजत चालल्या होत्या. कोळशाच्या बोटी गेल्या, तेलाच्या आल्या. आगवाला हा माणूसच जगातून नाहीसा झाला. मग कंटेनर आले आणि बोटीवर लागणारी माणसे आणखी कमी झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतल्या फार थोड्यांना ती गिरणी पुन्हा दिसली. रत्नागिरीच्या बंदरांना मुंबईशी जोडणारी प्रवासी बोट १९८०च्या दशकाअखेर थांबली. बापाची नळी ट्रंकेत गेली आणि मुलाचा पासपोर्ट बाहेर आला. मोहल्ल्यांत सिमेंटचे बंगले उभे राहिले. त्यांतल्या कित्येकांची दारे वर्षातून महिनाभर उघडतात.

पण आखाताची वाटही लढाईच्या रानातूनच जाते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत घेतले. एक लाख सत्तर हजारांच्या आसपास भारतीयांना जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. तेल महागले, तिकडून येणारा पैसा आटला, आणि १९९१ साली देशाला सोने परदेशात गहाण टाकावे लागले. त्याच वर्षी जुलैत नवे आर्थिक धोरण आले. ज्या इराकात १९१६ साली मराठा पलटणी वेढ्यात अडकल्या होत्या, त्याच इराकमुळे पाऊणशे वर्षांनी आमचे गवंडी आणि ड्रायव्हर हात हलवत घरी आले. कोकण रेल्वेची गाडी १९९८ साली धावू लागली. तिने माणसांची ये-जा सोपी केली, पण जाणे थांबवले नाही.

याचा एक पुरावा जनगणनेत सापडतो. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ साली दर हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त स्त्रिया होत्या. देशात इतरत्र मुली कमी म्हणून चिंता, आणि इथे बायका जास्त. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. जरूर सांगावा, पण त्यात गैरहजर पुरुषही मोजलेले आहेत, हे विसरू नये. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात व्यापारी बोटींवर हल्ले झाले, तेव्हा टीव्हीवर तेलाच्या भावाची चर्चा चालली होती. किनाऱ्यावरच्या घरात मात्र 'मुलगा कुठल्या बोटीवर आहे' एवढाच प्रश्न होता.

मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांची नावे पितळी पत्र्यांवर कोरलेली आहेत. दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजारांहून अधिक नाविकांची नावे मुंबई आणि चितगाव येथे ठेवलेल्या नोंदवहीत आहेत. ही नावे इंग्रज कारकुनांनी कानाला लागतील तशी लिहिलेली. ती ओळखायची तर गावातलेच कोणी हवे. कुणाच्या ट्रंकेत जुनी नळी असेल, माळ्यावर पेन्शनचे पुस्तक असेल, एखादी पिवळी पडलेली तार असेल. ती रद्दीत टाकण्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसासमोर मोठ्याने वाचा, आणि ती सांगतील ते नाव, त्या बोटीचे नाव, साल एका वहीत लिहून ठेवा. शाळेच्या मुलांना हे काम सहज जमेल. समुद्रात कबर बांधता येत नाही. नाव मात्र नीट लिहिता येते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)