बारा मात्रांची गिटार

बालमित्रांनो, ‘झिंदगी ना मिलेगी दोबारा’ हा २०११ सालचा हिंदी चित्रपट तुमच्या आईबाबांनी नक्की पाहिला असेल. त्यात स्पेनमधल्या एका गावात सगळे मिळून ‘सेन्योरिता’ हे गाणं म्हणतात आणि नाचतात. आता पुन्हा कधी ते गाणं लागलं, तर त्यातली गिटार आणि टाळ्या नीट ऐका. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजते तशी ही गिटार नाही. हिचा आवाज कोरडा, ठसकेबाज. ऐकता ऐकता आपले पाय आपोआप ठेका धरतात!

हे फ्लामेंकोचं वळण. फ्लामेंको म्हणजे स्पेनच्या दक्षिणेकडच्या आंदालुसिआ प्रांतातलं गाणं, नाच आणि गिटार. सेव्हिल, खेरेस, कादिस ही गावं म्हणजे त्याचं माहेर. २०१० मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं.

मग प्रश्न असा, की गिटारीला तो अस्सल फ्लामेंको आवाज येतो कुठून? लाकडातून, बोटांतून, की आणखी कुठून? चला, एकेक करून पाहू या.

हलकं लाकूड, कोरडा आवाज

आंदालुसिआमध्ये आंतोनिओ दे तोरेस (१८१७–१८९२) नावाचा एक कारागीर होता. मूळचा सुतार. आजच्या स्पॅनिश गिटारीचा आकार आणि बांधणी मुख्यतः त्याच्या हातून ठरली. युरोपच्या शास्त्रीय संगीतात वाजते त्या गिटारीची पाठ आणि बाजू बहुधा शिसवी लाकडाच्या असतात. हे लाकूड परदेशातून यायचं आणि महाग पडायचं. फ्लामेंको गिटारीला मात्र सायप्रसचं, म्हणजे सरूचं लाकूड वापरत आले. ते हलकं, फिकट रंगाचं आणि त्या भागात सहज मिळणारं.

हलक्या लाकडाच्या आणि पातळ फळ्यांच्या या गिटारीचा आवाज चटकन बाहेर पडतो आणि चटकन विरतो. तुम्ही म्हणाल, विरला तर त्यात काय चांगलं? अहो, समोर नाचणारीच्या टाचा फटाफट जमिनीवर पडत असतात. एक सूर रेंगाळत बसला, तर पुढचा ठोका त्यात बुडून नाही का जाणार?

या गिटारीच्या तारा नायलॉनच्या असतात. पूर्वी त्या जनावरांच्या आतड्यांपासून करत. शिवाय तारा पडद्यांच्या अगदी जवळ बसवतात. त्यामुळे जोरात वाजवलं की किंचित झणझण ऐकू येते. तंबोऱ्याची जवारी वेगळ्या कारणाने होते, पण तिथेही आपल्याला ती झणझण हवीहवीशी वाटतेच ना? तसंच हे.

बोटांची करामत

आता उजव्या हाताकडे बघा. आपल्याकडे बरेच जण गिटार नखीने वाजवतात. इथे नखी नाही, बोटं आणि वाढवलेली नखं हीच हत्यारं. कॅरमच्या स्ट्रायकरला आपण टिचकी मारतो ना? तशी एकामागून एक चार बोटं सगळ्या तारांवरून सुटतात आणि पाऊस कोसळल्यासारखा आवाज होतो. या प्रकाराला ‘रास्गेआदो’ म्हणतात. पहिलं आणि मधलं बोट आलटून पालटून एकेक सूर भरभर टिपतात, तो ‘पिकादो’. नुसता अंगठा खाली-वर फिरतो, तो ‘आल्सापुआ’. आणि मधूनच नखाने गिटारीच्या फळीवर टकटक करतात, तो ‘गोल्पे’. फळीला खड्डे पडू नयेत म्हणून तिथे पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतं. म्हणजे एकच माणूस सूरही वाजवतो आणि तबलाही!

सुरांचीही एक गंमत सांगते. घरी पेटी असेल, तर पांढरी तीन हा ‘सा’ धरा आणि फक्त पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा. काय ऐकू आलं? भैरवीचे सूर! फ्लामेंकोमध्ये हीच सुरावट पुन्हा पुन्हा भेटते. गिटार ‘म’पासून एकेक पायरी उतरत ‘ग, रे, सा’ अशी घरी येते. फरक इतकाच, की शेवटच्या ‘सा’बरोबर ते शुद्ध गंधार वाजवतात. म्हणून तो शेवट आपल्या कानाला ओळखीचा वाटतो आणि थोडा नवाही.

टाळी चुकली की सगळं चुकलं

इतकं सगळं जमलं, म्हणजे झालं का फ्लामेंको? नाही. शिसवीच्या पाठीची फ्लामेंको गिटारही असते, तिला ‘नेग्रा’ म्हणजे काळी म्हणतात. मोठमोठे वादक ती वाजवतात आणि ऐकणाऱ्याला ते फ्लामेंकोच वाटतं. उलट उत्तम सरूची गिटार आणून बोटं कितीही पळवली, तरी एक गोष्ट नसेल तर जाणकार मान हलवतात. ती गोष्ट म्हणजे ‘कोम्पास’. आपल्या भाषेत, ताल.

‘सोलेआ’ नावाचा एक प्रकार आहे. त्याचं आवर्तन बारा मात्रांचं. आपला एकतालही बारा मात्रांचाच, पण त्यात दोन-दोनचे सहा समान भाग असतात. सोलेआत जोर येतो तो ३, ६, ८, १० आणि १२ या मात्रांवर. म्हणजे अंतरं झाली तीन, तीन, दोन, दोन, दोन. करा बेरीज. बरोब्बर बारा!

आता करून बघा. हळूहळू एक ते बारा मोजा. प्रत्येक अंकाला हलकी टाळी, आणि ३, ६, ८, १०, १२ ला जोरात. पहिल्यांदा गडबड होईल, हसूही येईल. होऊ द्या! जमलं की वेग वाढवा. याच बारा मात्रा भरधाव पळवल्या, की ‘बुलेरिया’ नावाच्या खट्याळ प्रकाराच्या जवळ पोचलात. आणखी एक लक्षात ठेवा. आपल्याकडे गाणारा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येऊन थांबतो. इथे तान बहुतेकदा दहाव्या मात्रेवर संपते. म्हणून आपल्या कानाला सुरुवातीला चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

फ्लामेंकोत टाळी हे सुद्धा वाद्य आहे, बरं का! तळहात पोकळ करून वाजवलेली मंद टाळी वेगळी आणि बोटांनी तळव्यावर मारलेली खणखणीत टाळी वेगळी. गाणारा हळू गाऊ लागला की मंद टाळी, नाच रंगात आला की खणखणीत. गिटारवादकालाही हेच करायचं असतं. गाणाऱ्याने श्वास घेतला की जागा द्यायची, नाचणारीने पाय आपटला की तिला साथ करायची. आधी ऐकायचं, मग वाजवायचं. म्हणून तिथले वादक वर्षानुवर्षं नाचाच्या वर्गात आणि गाणाऱ्यांच्या शेजारी बसून तयार होतात.

लुसिआचा पाको

काही लोक म्हणतात, फ्लामेंको हे रक्तातच असावं लागतं. स्पेनमध्ये ‘खितानो’ नावाचा समाज आहे. हे रोमा लोक. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले आणि फिरत फिरत युरोपात गेले. स्पेनमध्ये ते आल्याची पहिली नोंद १४२५ सालची आहे. युरोपातल्या रोमा लोकांच्या भाषेत आजही आकडे ‘एक, दुय, त्रिन’ असे मोजतात! त्यांनी फार हाल सोसले, आणि फ्लामेंको घडवण्यात त्यांचा वाटा फार मोठा. पण म्हणून फ्लामेंको भारतातून गेलं, असं नाही म्हणता येणार. ते आंदालुसिआच्या मातीत, अनेक लोकांच्या गाण्यांतून घडलं.

आणि ज्याने ही गिटार साऱ्या जगाला ऐकवली, तो पाको दे लुसिआ (१९४७–२०१४) खितानो नव्हता. आल्खेसिरास या बंदराच्या गावात, खितानो शेजाऱ्यांच्या वस्तीत तो वाढला. गल्लीत पाको नावाची मुलं पुष्कळ, म्हणून आईच्या नावावरून ‘लुसिआचा पाको’ अशी त्याची ओळख पडली. वडील आणि थोरला भाऊ दोघेही गिटार वाजवत. लहानपणापासून तो रोज तासन् तास सराव करायचा. तरुणपणी अमेरिकेत त्याला साबिकास हा थोर खितानो वादक भेटला. दुसऱ्यांचं वाजवू नकोस, स्वतःचं वाजव, असं साबिकासने त्याला सांगितलं. पाकोने ते मनावर घेतलं. कामारोन दे ला इस्ला या गायकाला त्याने वर्षानुवर्षं साथ केली. पेरू देशातलं ‘काखोन’ हे खोक्यासारखं वाद्यही १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याने फ्लामेंकोत आणलं. जुन्या वळणाच्या काही लोकांना त्याचे नवे प्रयोग रुचले नाहीत. आज मात्र काखोन सगळीकडे वाजतं. हे सारं करताना पाकोने कोम्पास मात्र कधी सोडला नाही.

पालकहो, तुमच्या मुलाने किंवा मुलीने गिटारीचा हट्ट धरला, तर महागड्या गिटारीची चौकशी नंतर करा. आधी संध्याकाळी दोघं मिळून या बारा टाळ्या वाजवा. त्याला पैसे पडत नाहीत. एकाने चुकलं तर दुसऱ्याने सांभाळून घ्यायचं, हेसुद्धा त्यातच शिकायला मिळतं.

आणि मुलांनो, टाळ्या जमल्या की आणखी एक करा. तुम्ही टाळी धरा आणि शेजारच्या मित्राला त्यावर पाय आपटायला सांगा. मग बघा, त्याचे पाय ऐकत ऐकत तुमची टाळी आपोआप हळू आणि जोरात होते की नाही. तसं झालं, तर गिटार हातात न घेताच तुमचा पहिला धडा झाला असं समजा!