कोर्टाची पायरी आणि पंधरा युरो

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण सगळेच मेतकुटाच्या डब्याबरोबर सामानात बांधून इकडे आणतो. गावाकडे जमिनीच्या दाव्यात काकांच्या चपला झिजलेल्या पाहिल्या असतील तर ती खरीही वाटते. पण जर्मनीत याच म्हणीने आपल्या काही लोकांचं नुकसान केलेलं आम्ही पाहिलं आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

आधीच सांगतो, आम्ही वकील नाही. साधे सॉफ्टवेअरवाले. पण मंडळाच्या मदत-गटात फोन उचलता उचलता थोडंफार शिकलो.

एका दिवाळीच्या कार्यक्रमात जेवणं आटोपल्यावर आम्ही भांडी आवरत होतो. दार्मश्टाटला शिकणारा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "दादा, हे जरा बघता का?" त्याच्या हातात पिवळा लिफाफा होता. जुन्या घरमालकाने डिपॉझिट तर ठेवून घेतलंच होतं, वर रंगकामाचे म्हणून १७४० युरो मागितले होते, तेही कोर्टामार्फत! मुलाने अकरा दिवस कोणालाही काही सांगितलं नव्हतं. का? तर "वकील लावायला पैसे नाहीत, आणि घरी कळलं तर बाबा घाबरतील."

आता हा पिवळा लिफाफा काय असतो ते नीट समजून घ्या. आत होता 'मानबेशाइड', म्हणजे पैसे भरण्याचा कोर्टाचा आदेश. हेसनमध्ये अशी सगळी प्रकरणं ह्युनफेल्डच्या कोर्टातून निघतात, आणि काम बहुतांशी कॉम्प्युटरवर चालतं. समोरच्याची मागणी खरी की खोटी, हे कोर्टाने तपासलेलंच नसतं! तसं त्या कागदावर लिहिलेलंही असतं. मागणी मान्य नसेल तर दोन आठवड्यांत 'विडरश्प्रुख', म्हणजे हरकत, पाठवायची. फॉर्म सोबतच येतो, कारण द्यावं लागत नाही, फी नाही. गप्प बसलात तर मात्र पुढचा आदेश निघतो. त्यावरही दोन आठवड्यांत हरकत घेतली नाही, की तो निकालासारखाच पक्का होतो. मग बँक खात्यावर जप्ती येऊ शकते, आणि वसुलीचा हक्क ३० वर्षं टिकतो. लिफाफ्यावर पोस्टमनने लिहिलेली तारीख असते, तिथून दिवस मोजायचे. म्हणून लिफाफा कधीही फेकू नका. आपल्या मुलाने तो जपला होता, हे नशीब. त्याच रात्री फॉर्म भरला आणि सकाळी रजिस्टर पोस्टाने पाठवला.

हरकत गेली, पण डिपॉझिट परत कसं मिळवायचं? इथे कामाला आली 'बेराटुंग्सहिल्फे', म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांसाठी कायदेशीर सल्ल्याची मदत. हा कायदा १९८१ पासून लागू आहे. आपण राहतो त्या भागाच्या आम्ट्सगेरिश्टमध्ये, म्हणजे स्थानिक कोर्टात जायचं, अर्ज करायचा. भाड्याचा करार, उत्पन्नाचे कागद, बँकेची स्टेटमेंट्स आणि वादाचा पत्रव्यवहार सोबत न्यायचा. अर्ज मंजूर झाला की एक चिठ्ठी मिळते. ती घेऊन आपल्या पसंतीच्या वकिलाकडे जायचं. वकील आपल्याकडून फक्त १५ युरो घेऊ शकतो, तेही तो माफ करू शकतो. बाकीचे त्याला सरकार देतं. तेवढ्यात सल्ला मिळतो, आणि गरज असेल तर समोरच्याला पत्रही जातं. म्हणजे गंमत बघा, इथे कोर्टाची पायरी चढायची ती बरेचदा खटला टाळण्यासाठी! (हँबुर्ग आणि ब्रेमेनमध्ये चिठ्ठीऐवजी सार्वजनिक सल्ला केंद्रं आहेत. तिकडच्या मंडळींनी तिथे जावं.)

पात्रता कशी ठरते? उत्पन्नातून कर, विमा, घरभाडं आणि स्वतःच्या व कुटुंबाच्या खर्चाची कायद्याने ठरवलेली रक्कम वजा करायची. ही रक्कम वेळोवेळी बदलते. महिन्याला २० युरोंपेक्षा कमी उरत असतील तर सल्ल्याची मदत मिळू शकते. शिल्लक पैसाही बघतात. नागरिकत्वाची अट नाही. स्पेरकोंटोसकट सगळं फॉर्मवर खरं लिहा. लपवाछपवी उघड झाली तर मदत रद्द होते आणि वर गुन्हाही लागू शकतो. आणि कायदेशीर विमा किंवा भाडेकरू संघाचं सभासदत्व असेल तर आधी तिथे विचारा, कारण दुसरी सोय असताना ही मदत मिळत नाही.

प्रकरण खरंच खटल्यावर गेलं तर वेगळी योजना आहे, 'प्रोत्सेसकोस्टनहिल्फे'. कोर्ट फी आणि स्वतःच्या वकिलाचा खर्च त्यात येतो. उत्पन्न थोडं जास्त असेल तर हप्ते, जास्तीत जास्त ४८. मात्र दावा जिंकण्याची पुरेशी शक्यता आहे का, हे कोर्ट आधी बघतं. आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही ठळकपणे सांगतो: हरलात तर समोरच्याच्या वकिलाचा खर्च या मदतीत येत नाही. तो आपल्याच डोक्यावर. निकालानंतर चार वर्षांपर्यंत कोर्ट आपली परिस्थिती पुन्हा तपासू शकतं, पत्ता बदलला तर कळवावं लागतं. तेव्हा हे फुकटचं जेवण नव्हे.

घटस्फोटासारख्या कौटुंबिक प्रकरणांत हीच मदत 'फरफारेन्सकोस्टनहिल्फे' या नावाने मिळते. आपल्या भगिनींसाठी मुद्दाम लिहितो. नवरा चांगला कमावतो, मग मला कोण विचारणार, असं समजू नका. खटल्याचा खर्च नवऱ्याने आगाऊ द्यावा, अशी मागणी बायको करू शकते. कायद्यात तशी तरतूद आहे. नोकरीतून काढलं तर मुदत फक्त तीन आठवडे! कामगार न्यायालयातल्या अर्ज-खिडकीवर तुमची तक्रार विनामूल्य लिहून घेतात. पण तिथे पहिल्या फेरीत जिंकलात तरी आपल्या वकिलाचा खर्च आपलाच असतो.

१९८१ पूर्वी या मदतीला इथे 'आर्मनरेश्ट', म्हणजे गरिबांचा हक्क, म्हणत आणि त्यासाठी एकेकाळी दारिद्र्याचा दाखला लागे. तो दाखला गेला, पण 'आर्मुट्सत्सॉयग्निस' हा शब्द टोमणा म्हणून जर्मनमध्ये आजही आहे. ऑफिसात कुणी कुणाच्या अकलेची लाज काढताना तुम्ही ऐकला असेल. आपल्याकडे १९७६ साली घटनेत ३९-अ कलम आलं, आणि विधी सेवा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. त्यात स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे आपल्या किती घरांत माहीत आहे?

मग मंडळ काय करतं? आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही. २००८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, घरच्या किंवा अगदी जवळच्या माणसांपलीकडे असा फुकट सल्ला द्यायचा तर पाठीशी कायद्याचा पात्र माणूस असावा लागतो. म्हणून आम्ही फक्त सोबत जातो, जर्मन बोलतो, कागद लावून देतो. या कार्यक्रमातून जमणाऱ्या निधीतून पंधरा युरो, रेल्वेचं तिकीट आणि घरून आलेल्या मराठी कागदांच्या अधिकृत भाषांतराचा खर्च भागवायचा विचार आहे. रक्कम छोटी वाटेल, पण त्या मुलाच्या महिन्याच्या बजेटमध्ये पंधरा युरो म्हणजे आठवड्याचा भाजीपाला होता.

त्याचं काय झालं? वकीलबाईंनी एकच पत्र लिहिलं. सात आठवड्यांनी डिपॉझिट परत आलं, त्यातले १८० युरो मोडक्या शटरचे कापून. शटर त्यानेच मोडलं होतं, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. रंगकामाची मागणी मालकाने सोडून दिली. पुढच्या दिवाळीला तो भांडी घासायला आमच्या आधी हजर होता, आणि सोबत एक मित्र होता, हातात पिवळा लिफाफा घेऊन. त्याचा मात्र चौथाच दिवस होता.