विमानाच्या खेळाचा हिशेब



दिवाळी झाली की आदिवासी पाड्यांवरची अनेक घरे रिकामी होऊ लागतात. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातून कुटुंबे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात, पालघरमधून वीटभट्ट्यांवर जातात. पूर्वी मुकादमाची उचल रोख हातात पडत असे आणि घरातल्या बाईच्या डोळ्यांसमोर मोजली जाई. आता पुष्कळदा ती खात्यात जमा होते आणि खाते मोबाईलला जोडलेले असते. मुलगा ज्या मोबाईलवर गाणी ऐकतो, त्याच मोबाईलमध्ये घरची सहा महिन्यांची मजुरी असते आणि त्याच मोबाईलमध्ये ‘विमानाचा खेळ’ही असतो.

उचल खेळात गेली तरी अंगावरचे काम जात नाही. ती मजुरी करूनच फेडावी लागते आणि पूर्ण फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. म्हणून हा खेळ नेमका कसा चालतो, हे आपण समजून घेतले पाहिजे. “त्या मुलाला अक्कल नाही का? जिंकल्यावर थांबत का नाही?” असे आपण सहज विचारतो. पण अक्कल वापरूनही ज्यात फायदा होत नाही अशीच या खेळाची मांडणी आहे.

पडद्यावर काय दिसते?

पडद्यावर एक छोटे विमान धावपट्टी सोडून वर चढते. त्याच्यासोबत एक आकडा वाढत जातो : १.०० पट, १.२० पट, १.५० पट, २ पट, ५ पट. डाव सुरू होण्यापूर्वी खेळणाऱ्याने पैसे लावलेले असतात. विमान वर असेपर्यंत ‘कॅश आउट’ हे बटण दाबले, तर त्या क्षणी जितकी पट दिसते तितके पैसे परत मिळतात. १०० रुपये लावून २ पटीला बटण दाबले तर २०० मिळतात. पण विमान कोणत्याही क्षणी उडून जाते. बटण त्याआधी दाबले नसेल तर लावलेले सगळे पैसे जातात. काही सेकंदांत पुढचा डाव सुरू होतो.

या प्रकारच्या खेळांना ‘क्रॅश गेम’ म्हणतात. २०१४ च्या सुमारास बिटकॉइन लावून खेळण्याच्या संकेतस्थळांवर ते प्रथम दिसू लागले. २०१९ मध्ये स्प्राइब या जॉर्जियातील कंपनीने ‘एव्हिएटर’ आणला आणि विमानाचे चित्र सर्वत्र पोहोचले. आता कुठे रॉकेट असते, कुठे मोटार, कुठे रस्ता ओलांडणारी कोंबडी. चित्र बदलते, आतला हिशेब जवळजवळ तोच राहतो.

आकडा आधीच ठरलेला असतो

पहिली गोष्ट ही की विमान कुठे उडून जाणार ते विमान सुटण्यापूर्वीच ठरलेले असते. संगणक प्रत्येक डावासाठी एक यादृच्छिक, म्हणजे कोणताही क्रम नसलेला, आकडा काढतो. पडद्यावरचे उड्डाण म्हणजे आधी लागलेला निकाल हळूहळू उघडून दाखवणे होय. बटण दाबणाऱ्याला वाटते की आपल्या नजरेवर आणि बोटाच्या चपळाईवर खेळ चालला आहे. प्रत्यक्षात तो न दिसणाऱ्या आकड्यापुढे अंदाज बांधत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे तो आकडा काढण्याचे प्रमाण. एव्हिएटरची कंपनी स्वतःच सांगते की लावलेल्या प्रत्येक १०० रुपयांपैकी सरासरी ९७ रुपये खेळणाऱ्यांकडे परत जातात. त्यावरून एक साधा भागाकार करता येतो. ९७ ला हव्या त्या पटीने भागा. जे उत्तर येईल, साधारण तितक्या वेळा दर १०० डावांत विमान तिथपर्यंत पोहोचते.

१.२० पटीपर्यंत ते १०० पैकी सुमारे ८१ वेळा पोहोचते. २ पटीपर्यंत ४८ ते ४९ वेळा, १० पटीपर्यंत ९ ते १० वेळा आणि १०० पटीपर्यंत कशीबशी एकदा. उरलेले सुमारे तीन डाव असे असतात की विमान सुटताक्षणीच जाते, कोणालाच काही मिळत नाही.

आता तीन मुले घ्या. तिघेही १०० डाव खेळतात आणि दर डावाला १०० रुपये लावतात, म्हणजे प्रत्येकाचे एकूण १०,००० रुपये लागतात. पहिला भित्रा आहे, तो १.२० पटीला बाहेर पडतो. दुसरा २ पटीची वाट पाहतो. तिसरा धाडसी आहे, तो १० पटीशिवाय हलत नाही. सरासरी हिशेब केला तर पहिल्याला परत मिळतात ९,७००, दुसऱ्याला ९,७०० आणि तिसऱ्यालाही ९,७००.

या खेळाचे मर्म इथे आहे. लवकर बाहेर पडा, उशिरा पडा, हुशारीने पडा, घाबरून पडा, तोटा तोच राहतो. बाहेर पडण्याची ‘योग्य वेळ’ अस्तित्वातच नाही. मग अनुभवाने ती सापडणार कशी?

तीन रुपयांत घर कसे बुडते?

कोणी म्हणेल, शंभराला तीन रुपये म्हणजे फार नाही. जुन्या मटक्यात तर एकेरी आकड्यावर रुपयाला नऊ रुपये मिळत. दहा आकड्यांत एकच लागणार, म्हणजे शंभराला दहा रुपये मटकेवाल्याचे. त्या मानाने हा खेळ उदार वाटतो. पण मटक्याचा आकडा दिवसातून दोनदा फुटतो, एकदा ओपन आणि एकदा क्लोज. इथे विमान मिनिटाला दोनदा उडते.

५० रुपयांचा डाव धरू. मिनिटाला दोन डाव, म्हणजे तासाला १२० डाव आणि ६,००० रुपयांची उलाढाल. त्यातले तीन टक्के म्हणजे तासाला १८० रुपये. कामावरून आल्यावर रोज रात्री दोन तास खेळले तर महिन्याला सरासरी १०,८०० रुपये जातात. यात कोणीही फसवणूक केलेली नाही. खेळ जाहीर केल्याप्रमाणे चालला, इतकेच. शिवाय खेळात एकाच डावाला दोन ठिकाणी पैसे लावण्याची आणि पैसे आपोआप लागत राहण्याची सोय असते. ती वापरली तर हा आकडा आणखी वाढतो.

सरासरीचा अर्थ प्रत्येकाचे तेवढेच जातात असा नाही. एखादा खरोखर जिंकून उठतो आणि त्याची बातमी पाड्यावर, भट्टीवर, सगळीकडे पोहोचते. हरलेले मात्र बोलत नाहीत. म्हणून मुलांच्या कानावर जिंकल्याच्याच गोष्टी पडतात.

दुप्पट लावण्याचा सापळा

हरलेला मुलगा बहुधा एक ‘युक्ती’ शिकतो. २ पटीवर खेळायचे आणि हरलो की पुढच्या डावाला दुप्पट लावायचे. केव्हातरी जिंकणारच, मग आधीचे सगळे भरून निघेल. ऐकायला बरोबर वाटते. हिशेब असा : ५०, १००, २००, ४००, ८००, १,६००, ३,२००. सलग सात डाव हरले की ६,३५० रुपये गेले आणि आठव्या डावाला ६,४०० लागतात. तो जिंकला तरी शेवटी निव्वळ फायदा फक्त ५० रुपयांचा.

सलग सात हारी क्वचितच येतील असे वाटते. पण एका रात्रीत २४० डाव झाले तर अशी मालिका निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे तीनात दोन आहे. त्या रात्री खाते रिकामे होते आणि कर्ज देणाऱ्या ॲपकडे हात जातो.

“मोठा आकडा बराच वेळ आला नाही, आता येईल,” हा समजही असाच घात करतो. पडद्याच्या वर मागच्या डावांचे आकडे दाखवलेले असतात. त्यांतून काही क्रम सापडेल असे वाटते. पण प्रत्येक डाव स्वतंत्र असतो. मागे काय आले याची संगणकाला आठवण नसते.

मन का अडकते?

बटण दाबून २ पटीला बाहेर पडले तरी विमान पुढे उडताना दिसत राहते, ८ पट, १५ पट. म्हणजे जिंकलेल्यालाही हरल्यासारखे वाटते. आणि १.९० ला विमान गेले तर वाटते, जरा आधी दाबले असते तर! दोन्ही वेळा मन म्हणते, पुढच्या डावाला नीट करू. बाजूला इतर खेळणाऱ्यांची नावे आणि त्यांनी जिंकलेल्या रकमा सरकत असतात.

केव्हा मिळेल याचा नेम नसलेले बक्षीस माणसाला सर्वांत घट्ट धरून ठेवते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग करून हे दाखवले होते. कधी दाणा मिळेल हे ठाऊक नसलेले कबुतर कळ टोचतच राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जुगाराचे व्यसन हा आजार म्हणून नोंदलेला आहे. म्हणून केवळ रागावून किंवा शपथ घालून तो सुटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

‘प्रामाणिक’ खेळ आणि खोटे भविष्य

कंपन्या सांगतात की निकाल तपासून पाहता येतो. याची पद्धत बंद पाकिटासारखी आहे. डावापूर्वी पाकीट सील करून सर्वांसमोर ठेवायचे आणि डावानंतर उघडून दाखवायचे की आतला कागद बदललेला नाही. संगणकात हे गणिती सांकेतिक आकड्यांनी करतात. पण यातून इतकेच सिद्ध होते की निकाल मागाहून बदलला नाही. खेळ तुमच्या फायद्याचा आहे, हे सिद्ध होत नाही. शिवाय एव्हिएटरची हुबेहूब नक्कल करणारी ॲप्स फिरत असतात. त्यांच्यात तर तेही बंधन नाही. तिथे जिंकलेले पैसे काढायला गेले की “आधी आणखी भरा” असा निरोप येतो.

पाकीट बंद असते म्हणूनच पुढचा आकडा कोणी सांगू शकत नाही. ‘प्रेडिक्टर’ नावाने विकली जाणारी ॲप्स आणि ‘सिग्नल’ देणारे गट खोटे आहेत. ते पैसे उकळतात, कधी मोबाईलमधली बँकेची माहितीही चोरतात.

आणखी एक धोका पाड्यांपर्यंत आला आहे. खेळाचे पैसे फिरवण्यासाठी गरिबांची बँक खाती ‘भाड्याने’ मागितली जातात. थोड्या पैशांसाठी पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकलेल्या माणसाचे खाते पुढे गोठवले जाते आणि पोलिसांची चौकशी त्याच्याच दारी येते.

कायदा आणि आपण

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगबाबतचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे आर्थिक व्यवहार करणे, हे सर्व त्यात निषिद्ध आहे, मग खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. खेळ पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, कारण त्याला पीडित मानले आहे. तरीही परदेशातून चालणारी संकेतस्थळे नवनव्या नावांनी येत राहतात. म्हणून घरातली सावधगिरी सुटत नाही.

काही गोष्टी आपल्याला करता येतील. उचल किंवा मजुरी मोबाईलला न जोडलेल्या खात्यात, शक्यतो घरातल्या बाईच्या नावे, ठेवायला सांगावे. रोज किती पैसे पाठवता येतील याची मर्यादा बँकेतून कमी करून घ्यावी. फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवावे, जितका उशीर तितकी पैसे अडवण्याची आशा कमी. व्यसनासाठी व निराशेसाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे मराठीत बोलता येते. आणि मदत करणाऱ्यांना एक कळकळीची विनंती : खेळात बुडालेल्याच्या हाती कर्जफेडीसाठी रोख रक्कम देऊ नये. मदत करायची तर किराणा, मुलांची फी किंवा बियाणे थेट पोहोचवावे.

आपल्या मंडळीच्या युवकसभेत एक प्रयोग करून पाहा. मुले शहरातली असोत की पाड्यावरची, मोबाईल सर्वांकडे आहे. एका पिशवीत एकाच आकाराचे १६ पांढरे आणि १७ लाल मणी टाका. प्रत्येकाला ५० चिंचोके द्या. दर वेळी एक चिंचोका लावायचा आणि न पाहता मणी काढायचा. पांढरा आला तर दोन चिंचोके परत, लाल आला तर लावलेला गेला. मणी पुन्हा पिशवीत टाकायचा. हा विमानाच्या खेळातला २ पटीचा डाव आहे. वीस मुलांनी प्रत्येकी शंभर वेळा खेळून सर्वांचे चिंचोके एकत्र मोजा. एखाद्याकडे जास्त झालेले असतील, पण सगळ्यांचे मिळून बहुतेक वेळा कमी भरतील. मग पिशवी उलटी करून मणी मोजायला सांगा. फरक फक्त एका मण्याचा आहे. तेवढ्या फरकावर हा सगळा धंदा चालतो, हे मुलांनी स्वतः मोजलेले बरे.