विश्लेषण : दुपारचं युनिट स्वस्त, पण स्मार्ट मीटरचा फायदा कोणाला?

सोसायटीत जुनं मीटर काढून स्मार्ट मीटर बसवलं की व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला असतो : ‘मीटर पळतंय!’

मुळात युनिट मोजायची पद्धत बदललेली नाही. एक किलोवॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट, हे दोन्ही मीटरना सारखंच लागू आहे. (जुनं मीटर संथ झालेलं असेल, तर नव्यावर बिल वाढलेलं दिसणारच.) फरक असा की जुनं मीटर फक्त महिन्याची बेरीज सांगायचं. स्मार्ट मीटर अर्ध्या तासाच्या किंवा त्याहून छोट्या टप्प्याने वापर नोंदवतं आणि वीज कंपनीच्या सर्व्हरला पाठवतं. म्हणजे वीज किती वापरली यासोबत कधी वापरली, हेही कळतं.

वेळेला एवढं महत्त्व का?

सौरऊर्जा दुपारी भरपूर मिळते. संध्याकाळी घरोघरी दिवे, टीव्ही, एसी सुरू होतात तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळली नाही, तर ग्रिडची ५० हर्ट्झची फ्रिक्वेन्सी हलते. म्हणून केंद्राने जून २०२३ मध्ये नियम बदलला : दिवसातल्या आठ ‘सौर तासांत’ दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी हवा. सर्वाधिक मागणीच्या तासांत जास्त दराचीही तरतूद त्यातच आहे.

महावितरणने जुलै २०२५ पासून टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर केली. हिशोब करून बघा. महिन्याच्या १५० युनिटपैकी ५० युनिट दिवसा वापरली, तर ८० पैशांनी ४० रुपये वाचतात. पण डोंबिवलीहून सकाळची लोकल पकडणाऱ्या जोडप्याचा गीझर सातच्या आत बंद होतो, एसी रात्री लागतो. टायमरचं वॉशिंग मशीन सोडलं, तर त्यांनी दुपारी लावायचं काय? सवलत खरी आहे. ती मिळते मात्र दिवसा घरी असणाऱ्यांना.

कंपनीचा फायदा त्याहून मोठा आहे. डीपीवरच्या मीटरमधून गेलेली वीज आणि त्यावरच्या घरांची बेरीज जुळली नाही, तर गळती किंवा चोरी नेमकी कुठे आहे ते सापडतं. केंद्राच्या २०२१ च्या योजनेत २५ कोटी मीटरचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, त्यामागचं हे मोठं कारण.

प्रीपेडचं काय?

राज्यात खरा विरोध झाला तो रिचार्ज संपला की वीज जाईल, या भीतीने. जून २०२४ मध्ये तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नसल्याचं जाहीर केलं. त्यानंतर घरोघरी बसू लागलेली टीओडी मीटर पोस्टपेड आहेत.

रीडिंगवर शंका असेल, तर २०२४ च्या नियमदुरुस्तीनुसार तक्रारीनंतर ५ दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी दुसरं मीटर लावायला हवं आणि किमान ३ महिने वापर तपासायला हवा. तक्रार लेखी करा, तारखेची पोच घ्या. आणि जुनं मीटर काढायला माणूस आला की आधी शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून ठेवा.