‘सांगतो तेच कर!’ म्हणण्याआधी...

लिनक्सवर सॉफ्टवेअर टाकताना ‘अनमेट डिपेंडन्सीज’ असा मेसेज आला की घाम फुटतो? घाबरू नका. तो मेसेज नीट वाचता आला, तर निम्मं काम तिथेच होतं.

नोव्हेंबर २०२१. कॅनडातला प्रसिद्ध यूट्यूबर लिनस सेबॅस्टियन याने विंडोज सोडून लिनक्सवर गेमिंग करायचं चॅलेंज घेतलं. (लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्स वेगळा. हा ‘लिनस टेक टिप्स’वाला.) त्याने ‘पॉप ओएस’ टाकलं आणि स्टीम इन्स्टॉल करायला घेतलं. माउसने क्लिक करून ते होईना, म्हणून तो टर्मिनलमध्ये शिरला. स्क्रीनवर लांबलचक यादी आली. ही पॅकेजेस आता काढून टाकली जातील, असं ती सांगत होती आणि त्यात त्याचा अख्खा डेस्कटॉप होता! खाली इशाराही होता: तुम्ही धोक्याचं काहीतरी करताय, पुढे जायचंच असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ असं टाइप करा. त्याने केलं. डेस्कटॉप गायब, समोर उरली फक्त काळ्या पडद्यावरची अक्षरं.

चूक एकट्या त्याची नव्हती. त्या वेळी पॉप ओएसच्या पॅकेजेसमध्येच गडबड होती आणि ती लगेच दुरुस्तही झाली. पुढे डेबियनच्या ॲप्ट या प्रोग्रामच्या २.३.१२ या आवृत्तीत बदल झाला आणि सिस्टीमसाठी अत्यावश्यक पॅकेजेस आपणहून काढून टाकण्याचा पर्याय त्याने सुचवणं बंद केलं. पण आपल्यासाठी धडा वेगळाच आहे. कॉम्प्युटर आधी ‘नाही’ म्हणाला होता आणि का नाही, हेही त्याने लिहून दाखवलं होतं.

हॉस्टेलवर प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री नेमकं हेच होतं. एरर येते, ती न वाचताच गुगल केली जाते, पहिली दिसेल ती कमांड पेस्ट होते, मग दुसरी, मग तिसरी. पहाटेपर्यंत मूळ एरर बाजूलाच राहते आणि चार नव्या उभ्या राहतात. शेवटी ‘फॉरमॅट मार’ हा सल्ला असतोच. प्रोजेक्टचा बॅकअप नसेल, तर तो सल्ला चांगलाच महाग पडतो.

भांडण नेमकं कशावरून?

एकांकिका स्पर्धा आठवा. थिएटर एक, लाइट्स एक, साउंड एक आणि टीम्स पंधरा. प्रत्येक टीमने आपापले दिवे आणायचे म्हटलं, तर टेम्पो पुरणार नाहीत. म्हणून सगळे थिएटरचीच सामग्री वापरतात. पण एका टीमने आपल्या सोयीसाठी लाइट बोर्डची मांडणी बदलली, की पुढच्या टीमच्या भर क्लायमॅक्सला अंधार!

लिनक्समधल्या ‘शेअर्ड लायब्ररी’ म्हणजे हीच सामायिक सामग्री. इंटरनेटवर सुरक्षित संपर्क साधायचा, फोटो उघडायचा, आवाज ऐकवायचा, तर प्रत्येक सॉफ्टवेअर ती सोय नव्याने लिहीत नाही, तयार लायब्ररी वापरतं. पॅकेजमध्ये सॉफ्टवेअरसोबत एक चिठ्ठी असते: मला अमुक लायब्ररी लागेल, अमुक आवृत्ती किंवा त्यापुढची. हीच डिपेंडन्सी. त्या लायब्ररीच्या स्वतःच्याही गरजा असतात, त्या गरजांच्याही गरजा. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६४ हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत. एवढ्या चिठ्ठ्यांचा मेळ हाताने घालणं अशक्य.

१९९३ साली डेबियन सुरू झालं तेव्हा हा ताप वापरणाऱ्याच्याच डोक्यावर होता. पुढे १९९९ मध्ये डेबियन २.१ सोबत ॲप्ट आलं आणि लागणारी पॅकेजेस आपोआप शोधून आणायला लागलं. इथे जरा आदर दाखवा, कारण हे काम सोपं नाही. सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारा पॅकेजेसचा संच शोधणं हा एनपी-कम्प्लीट प्रश्न आहे, हे सिद्ध झालेलं आहे. ‘सॅट’ प्रॉब्लेम फक्त पेपरात लिहायला असतो, असं वाटत असेल तर फेडोराचं डीएनएफ बघा. ते पॅकेज निवडताना सॅट सॉल्व्हरच चालवतं.

आधी मेसेज वाचा

(पुढच्या सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे दिल्यात. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायच्या.)

मर्न स्टॅकवर प्रोजेक्ट करणाऱ्या अनेकांनी पाहिलेलं एक उदाहरण घेऊ. उबंटू २२.०४ वर मोंगोडीबीची जुनी आवृत्ती टाकायला गेलं, की साधारण असा मेसेज यायचा: ‘मोंगोडीबी-ऑर्ग-सर्व्हर : डिपेंड्स: लिबएसएसएल१.१ बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल’. पहिलं नाव मागणाऱ्याचं. ‘डिपेंड्स’नंतरचं नाव मागितलेल्या वस्तूचं. आणि ‘बट’च्या पुढे असतं खरं कारण. तिथे बहुतेक वेळा तीनपैकी एक वाक्य दिसतं.

‘नॉट इन्स्टॉलेबल’ म्हणजे ही वस्तू तुमच्या ओळखीच्या एकाही भांडारात, म्हणजे रिपॉझिटरीत, नाही.

‘अमुक आवृत्ती इज टू बी इन्स्टॉल्ड’ म्हणजे वस्तू आहे, पण हवी ती आवृत्ती नाही.

‘नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ म्हणजे वस्तू आहे, पण तीच कुठेतरी अडली आहे. अशा वेळी त्या अडलेल्या पॅकेजचं नाव देऊन ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ करून बघा. साखळीतली पुढची कडी दिसेल. असं एकेक पाऊल मागे गेलात की खरा गुन्हेगार सापडतो.

मोंगोडीबीच्या बाबतीत काय झालं होतं? उबंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएलची तिसरी आवृत्ती आली आणि जुनी लिबएसएसएल१.१ भांडारातून गेली. ट्युटोरियल मात्र २०.०४ च्या काळातलं! तेव्हा अनेक ठिकाणी सल्ला मिळायचा, जुन्या उबंटूमधली ती लायब्ररी डाउनलोड करून ठोकून द्या. चालायचंही. पण सुरक्षेशी संबंधित अशी लायब्ररी, जिला तुमच्या सिस्टीमचे अपडेट कधीच मिळणार नाहीत, ती कायमची घरात राहायची. नीट उपाय म्हणजे २२.०४ साठी बनवलेली मोंगोडीबीची नवी आवृत्ती घेणं. म्हणून कुठलंही ट्युटोरियल पाळण्याआधी ‘एलएसबी_रिलीज -ए’ ही कमांड द्या. आपलं उबंटू कोणतं आणि ट्युटोरियल कोणत्या उबंटूचं, एवढं जुळवून बघितलं तरी बरेच घोळ टळतात.

कधी कधी तर फक्त नाव बदललेलं असतं. उबंटू २४.०४ वर लिबएसाउंड२ मागितलं, की ॲप्ट म्हणतं हे नुसतं नाव आहे, खरं पॅकेज निवडा. नवं नाव आहे लिबएसाउंड२टी६४. या ‘टी६४’मागे मजेशीर कारण आहे. ३२ बिटमध्ये वेळ मोजणारी यंत्रणा १९ जानेवारी २०३८ रोजी संपते. ते टाळण्यासाठी वेळ ६४ बिटमध्ये नेताना कितीतरी लायब्ररींचं बारसं पुन्हा झालं.

दुखणं तसं औषध

‘अनेबल टू लोकेट पॅकेज’: आधी स्पेलिंग बघा. मग ‘सुडो ॲप्ट अपडेट’ द्या. यामुळे सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, भांडारातल्या मालाची यादी ताजी होते. यादीच जुनी असेल तर माल सापडणार कसा?

डाउनलोड केलेली डेब फाइल: ‘डीपीकेजी -आय’ने टाकली तर डीपीकेजी फक्त ती फाइल उघडतं. लागणाऱ्या बाकीच्या गोष्टी आणायला ते बाजारात जात नाही. त्याऐवजी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ लिहून पुढे टिंब, स्लॅश आणि फाइलचं नाव द्या. मग ॲप्ट बाकीचं सामान शोधून आणतं. अर्धवट टाकून बसलाच असाल, तर ‘सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’. मात्र ते काय काढणार आहे, हे वाचूनच ‘वाय’ दाबा.

इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली: ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. अर्धवट राहिलेली कामं ते पूर्ण करतं.

‘कुड नॉट गेट लॉक’: दुसरं कुणीतरी, बहुतेक वेळा उबंटूचं आपोआप चालणारं अपडेट, सध्या काम करतंय. चहा पिऊन या. लॉकची फाइल डिलीट करायचा सल्ला सर्रास मिळतो, पण चालू काम मध्येच तोडलं तर पॅकेजचा हिशेबच बिघडू शकतो.

‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’: हे वाक्य फसवं आहे. खरोखर काही रोखून ठेवलंय का, हे ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ सांगतं. बऱ्याचदा तिथे काहीच नसतं. मग ‘ॲप्ट पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव द्या. कोणती आवृत्ती बसलेली आहे, कोणती येऊ शकते आणि कोणत्या भांडारातून, सगळं समोर येतं. कधीतरी हौसेने जोडलेला एखादा पीपीए इथे हमखास पकडला जातो.

पायथनचं ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट’: डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून पिप थेट सिस्टीमच्या पायथनमध्ये काही टाकू देत नाही, कारण सिस्टीमचे स्वतःचे प्रोग्रामही त्याच पायथनवर चालतात. यावर एक पळवाट आहे, पण तिचं नावच बघा: ‘--ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस’! तिच्या वाटेला न जाता ‘पायथन३ -एम व्हीएनव्ही’ने प्रोजेक्टसाठी वेगळी खोली करा. (डेबियन-उबंटूवर त्यासाठी पायथन३-व्हीएनव्ही हे पॅकेज आधी लागेल.) खोलीत हवा तेवढा पसारा करा, घर शाबूत राहतं.

रंगीत तालीम करा

एखादी कमांड काय करेल, याची शंका असेल तर ॲप्टच्या कमांडला ‘-एस’ जोडा. ॲप्ट फक्त नाटक करून दाखवतं: हे येईल, हे जाईल. प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. ‘रिमूव्ह’च्या यादीत डेस्कटॉप, नेटवर्क किंवा ओळखीची मोठी नावं दिसली, तर तिथेच थांबायचं.

आणि आपलं सामान आपणच आणलं तर? तीही सोय आहे. फ्लॅटपॅक, स्नॅप आणि डॉकर यांचा मार्ग तोच. लागणाऱ्या बहुतेक लायब्ररी सॉफ्टवेअरसोबतच येतात, त्यामुळे भांडणं कमी होतात. पण टेम्पोचं भाडं पडतंच. डिस्कवर जागा जास्त लागते आणि सोबत आणलेल्या लायब्ररीतलं भोक बुजवायची जबाबदारी ते पॅकेज बनवणाऱ्यावर येते. मोठ्या ॲपसाठी किंवा प्रोजेक्टच्या डेटाबेससाठी हा सौदा बऱ्याचदा परवडतो.

सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्स डेबियनवरच बेतलेलं आहे, त्यामुळे हे बरंचसं तिथेही लागू पडतं. लिनक्सची अगदी पहिलीच ओळख असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मराठीतून धडे आहेत.

एक मात्र खरं, की नोकरीत गेल्यावर हे सगळं सुटत नाही, वाढतं. तिथे सर्व्हर तुमचा नसतो आणि ‘फॉरमॅट मार’ म्हणायची सोयही नसते. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ नावाचं जावास्क्रिप्टचं अवघ्या ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि त्यावर टेकलेले असंख्य प्रोजेक्ट बिल्ड होईनासे झाले. अनेकांना ते पॅकेज आपल्या कामात आहे, हेच तोवर माहीत नव्हतं. आपलं काम कुणाकुणाच्या खांद्यावर उभं आहे, हे ठाऊक असणं ही इंजिनिअरची अर्धी विद्या आहे आणि ती विद्या फुकट शिकवणारा मास्तर म्हणजे हाच एरर मेसेज. पुढच्या वेळी तो आला, की कॉपी करण्याआधी ‘बट’नंतरचे चार शब्द तेवढे वाचा.